एकाच नावाचे जंतू, पण सारखे नव्हेत

महोदय,

गेल्या महिन्यात आईला लघवीला जळजळ होऊन थंडी-ताप आला. दवाखान्यात कसलीही तपासणी न करता, पूर्वी जुलाबावर दिलेल्याच गोळ्या पुन्हा दिल्या. पाच दिवस ताप हटेना. शेवटी जळगावला लघवीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून करायची तपासणी, केलं. रिपोर्टवर ‘ई. कोलाय’ आणि त्याच गोळीसमोर ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट; त्या गोळीला हा जंतू दादच देत नव्हता.

ई. कोलाय म्हणजे दूषित पाण्यातला जंतू, एवढंच आपण ऐकलेलं. पण १८८५ मध्ये बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशरिश यांना तो तान्ह्या बाळांच्या शीमध्ये सापडला होता. त्याच्या बहुतेक जाती आतड्यात निमूट नांदतात. मूत्रमार्गात त्रास देणाऱ्या जातींच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. त्यांच्या जोरावर त्या मूत्राशयाच्या अस्तराला चिकटून बसतात, लघवीच्या धारेबरोबरही वाहून जात नाहीत. ‘ओ१५७’ ही जात विष सोडते. तिच्यामुळे रक्ताचे जुलाब होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि तिथे अँटिबायोटिकनं उलट धोका वाढू शकतो. मग सरसकट एकच गोळी कशी चालेल?

आमच्याकडे केळीच्या बागांत राबणाऱ्या बायका आडोसा नाही म्हणून पाणीच कमी पितात, लघवी तासन्‌तास रोखून धरतात. हे दुखणं त्या कुणाला सांगतही नाहीत. निदान यावल, रावेर, चोपडा इथल्या सरकारी दवाखान्यांतून नमुने कल्चरसाठी रोज जळगावला पाठवण्याची सोय व्हावी. आणि तेही थंड पेटीतून, कारण उन्हाळ्यात नमुना दोन तासांतच बिघडतो.

– एक वाचक, ता. यावल, जि. जळगाव