अनवाणी का धावलो

पिरेअस, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

मी ठणठणीत आहे, पायांना काहीही झालेलं नाही. हे आधी लिहितो, कारण ग्रुपवरचे फोटो बघून आईला झोप लागली नाही असं स्वातीने कळवलं. तो पांढरा अंगरखा कुठल्या पंथाचा नाही आणि चपला चोरीलाही गेल्या नव्हत्या. अथेन्सपासून दोनेक तासांवर नेमिया म्हणून द्राक्षबागांचं गाव आहे. ऑलिंपियासारखेच तिथेही पुरातन काळी खेळ भरायचे. स्टीफन मिलर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी तिथलं स्टेडियम उकरून काढलं, आणि त्यांनी व गावकऱ्यांनी मिळून 1996 साली ते खेळ पुन्हा सुरू केले. जुन्या पद्धतीने अंगरखा घालून, अनवाणी, कुणीही धावावं. पोरंसोरं धावतात, आज्या धावतात. विक्रमांची नोंद नाही, पदकं नाहीत. माझ्यासारख्याला घेतलं यावरूनच समजा.

आता त्या काळ्या कपड्यांतल्या काठीवाल्याबद्दल. आई, तो पोलीस नाही, पंच आहे. इशाऱ्याआधी कुणी पळालं तर फटका देतो. (आमच्या रांगेत एकाला बसला, हसत हसत.) काळे कपडे सुतकाचे. गोष्ट अशी, की ओफेल्तिस नावाचा राजाचा तान्हा मुलगा होता. चालायला लागेपर्यंत त्याला जमिनीवर ठेवू नका, अशी देववाणी झालेली. दाईने वाटसरू सैनिकांना पाणी दाखवायला म्हणून त्याला रानसेलरीच्या पाल्यावर टेकवलं आणि साप चावून तो गेला. त्याच्या स्मरणार्थ हे खेळ, म्हणून जिंकणाऱ्याच्या डोक्यावर त्याच सेलरीचा मुकुट. सेलरी म्हणजे आपल्या ओवा-कोथिंबिरीच्या कुळातली भाजी. मेलेल्या बाळासाठी धावायचं आणि वर भाजी डोक्यावर घालायची, हे मलाही अजून नीट पचलेलं नाही. पण लोक फार मनापासून करतात.

बाबा, तुम्हाला बोगदा आवडला असता. कपडे बदलून, शपथ घेऊन, मैदानावर जायला 36 मीटरचा दगडी बोगदा आहे, तेवीसशे वर्षांपूर्वीचा. आपला पुकारा होईपर्यंत खेळाडू भिंतीवर खरडत बसायचे. एकाने कोरलंय, ‘अक्रोतातोस देखणा आहे.’ शेजारी दुसऱ्याच हाताने, ‘लिहिणाऱ्याच्या मते!’ तालमीच्या भिंती आठवल्या. बाहेर आलं की उन्हाचा भपकारा. सुरुवातीच्या दगडाला खाच असते, तिच्यात पायाची बोटं रुतवून उभं राहायचं. समोर दोन दोऱ्या ताणलेल्या, एक गुडघ्याशी, एक कमरेशी. त्या फाडकन खाली पडल्या की सुटायचं. शंभरेक मीटर, तेही मातीवर. नवरात्रात आई नऊ दिवस डांबरावरून अनवाणी जाते, त्यापुढे हे काहीच नाही. मी मधेच कुठेतरी पोचलो. तिथे दुसऱ्या नंबरालाही कुणी विचारत नाही, त्यामुळे बरं झालं.

आणि हो, यासाठी मी रजा काढली नव्हती. शनिवार-रविवार होता. साखरपुड्याला यायला रजा नाही आणि पळायला वेळ आहे, असं काका म्हणाले म्हणे. त्यांना सांगा, ऑगस्टमध्ये इथला अर्धा देश सुट्टीवर जातो आणि जहाजांचे कागद आमच्यासारख्यांवर पडतात. मार्गशीर्षातल्या लग्नाला मी येणारच, तिकीट काढलंय. स्वातीला म्हणावं, रागावू नकोस, हॉलचे उरलेले पैसे माझ्याकडून. साताऱ्याच्या स्थळाचं तेव्हा बघू. मुलीला नाही म्हटलेलं नाही, नुसतं तेव्हा बघू म्हटलंय.

बाबांच्या खात्यावर साठ हजार पाठवलेत. त्यातले चाळीस मोतीबिंदूचे, ते हॉलकडे वळवायचे नाहीत. ऑपरेशन साखरपुड्याआधी उरका. मी तिथे नसलो तरी व्हिडिओवर असेन, पण तुम्हाला मी नीट दिसायला हवा.

तुमचा,
सुहास

ता. क. काकांना हे पत्र दाखवू नका.