शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: नववीच्या पालकांनी कुठे बसायचे?

माननीय मुख्यमंत्री तथा शिक्षणमंत्री,
गोवा राज्य

सप्रेम नमस्कार.

माझी थोरली मुलगी यंदा नववीत गेली आणि हायस्कूलच्या व्यवस्थापन समितीतून माझे नाव गेले. कुणी आकसाने काढले नाही. हेडमास्तरांनी ऑफिसात बोलावून नीट समजावले, "बाई, ही समिती शिक्षण हक्क कायद्यातली. तो कायदा आठवीपर्यंतचा. तुमची मुलगी आता त्यात बसत नाही." त्यांचे म्हणणे बरोबर होते. रजिस्टरवर शेवटची सही करून मी बाहेर आले आणि वऱ्हांड्यात थोडा वेळ तशीच उभी राहिले. विषय निवडायचे, बोर्डाची परीक्षा, वयात आलेल्या पोरीच्या मनातली घालमेल, हे सगळे नववी-दहावीत येते. घर आणि शाळा यांनी एकमेकांशी बोलायची खरी वेळ तीच, आणि नेमकी तिथेच आमची खुर्ची उचलली जाते.

मी डिचोली तालुक्यात राहते, एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. धाकटा गावच्या सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीला आहे. म्हणजे दोन्ही प्रकारच्या शाळा मी पालक म्हणून आतून बघितल्या. हायस्कूलचे नाव मुद्दामच लिहीत नाही. शेजारच्या गावांतल्या पालकांशी बोलले तेव्हा त्यांनीही थोड्याफार फरकाने हेच सांगितले.

आधी कायद्याचे सांगते, कारण बैठकीला येणाऱ्या बहुतेक पालकांना तो कुणी सांगितलेलाच नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा तयार करणे, अनुदान कुठे खर्च झाले ते बघणे, ही त्या समितीची कामे. धाकट्याच्या शाळेत हे होताना मी बघते. गेल्या पावसात छपराची कौले फुटली तेव्हा समितीतल्या बायांनीच ठराव लिहून भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे नेऊन दिला.

हायस्कूलची गोष्ट वेगळी. २०१२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनुदानित शाळांमधली समिती केवळ सल्ला देणारी राहिली. विकास आराखडा करण्याचे बंधनही त्या शाळांवर उरले नाही. देशातल्या इतर राज्यांत या दुरुस्तीने किती फरक पडला ते तिथले लोक सांगतील. गोव्यात मात्र फार पडला, कारण आपल्याकडे गावची प्राथमिक शाळा सरकारी असली तरी हायस्कूल बहुतेक ठिकाणी अनुदानित असते. कुठे शिक्षण संस्थेचे, कुठे चर्चच्या सोसायटीचे. पगार सरकारी तिजोरीतून, कारभार व्यवस्थापनाचा. माध्यमिकसाठी केंद्राच्या योजनेतून शाळा व्यवस्थापन आणि विकास समिती आली खरी, पण ती योजनेची अट म्हणून, पालकाचा कायदेशीर हक्क म्हणून नव्हे. त्यामुळे आमच्यासारख्यांचे होते असे: मूल चौथीपर्यंत असताना अधिकार, आठवीपर्यंत सल्ला, आणि नववीपासून पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत टाळ्या.

टाळ्या हा शब्द रागाने लिहीत नाही, खरेच टाळ्याच वाजवायच्या असतात. संघाच्या वार्षिक बैठकीला मी तीन वर्षे गेले. बैठक सोमवारी सकाळी दहाला. नवीन समितीची नावे एका कागदावर आधीच लिहिलेली असतात, ती वाचून दाखवतात, आपण टाळ्या वाजवतो, निवडणूक झाली. एका वर्षी सही करायला वाकले तेव्हा रजिस्टरखाली इतिवृत्ताचा टाइप केलेला कागद दिसला. त्यात इंग्रजीत लिहिले होते की संघाची वर्गणी वाढवण्यावर पालकांनी चर्चा केली आणि वाढ एकमताने मंजूर केली. बैठक अजून सुरू व्हायची होती. मागच्या बाकावर शिपाई कपांत चहा ओतत होता.

त्या दिवशी माझ्या शेजारी बसलेली बाई काजूच्या कारखान्यात जाते. बैठकीसाठी तिने अर्धा दिवस मोडला होता, म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. स्वतः मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, पेपर रोज वाचते, मुलाच्या वह्यांना कव्हरे घालून वर सुबक अक्षरात नाव लिहिते. दीड तास सगळे इंग्रजीत चालले. ती डोळे न हलवता समोर बघत होती, न कळणाऱ्या कीर्तनाला बसल्यासारखी. संपल्यावर पदर सावरत माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "ताई, कितें सांगलें गे तांणीं?" (काय गं सांगितले त्यांनी?)

मंत्रिमहोदय, हा प्रश्न अजून माझ्या कानात आहे. आमच्या भागात पोरे चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीला इंग्रजी हायस्कुलात जातात. मुलांना आम्ही कसेबसे त्या पाण्यात उतरवतो, ती पोहायलाही शिकतात. पण आईबापांना त्याच पाण्यात ढकलून, ती बोलत नाहीत म्हणून "पालकांना रस नाही" असा शेरा मारणे अन्यायाचे आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. मग सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेची पालकांना येणारी नोटीस फक्त इंग्रजीत का? त्या हॉलमधले शिक्षकही घरी कोकणीच बोलतात. माइक हातात आला की भाषा बदलते.

पालकांना विचारल्याने काय होते त्याचा एक अनुभव सांगते. आमच्या हायस्कूलची सुट्टी दीडला. बालरथ, म्हणजे पोरांना नेणारी शाळेची बस, पावणेदोनला निघतो. वरच्या वर्गांचे जादा तास मात्र अडीचपर्यंत. त्या पोरांनी परत जायचे कसे, याचा विचार कुणी केला नव्हता. पोरी भर उन्हात हमरस्त्यापर्यंत चालत यायच्या आणि ट्रकांची धूळ खात खाजगी बसची वाट बघत उभ्या राहायच्या. घरी पोचायला साडेतीन-चार. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती, पण शेजारच्या दहावीतल्या पोरीला रोज गळून गेलेली बघत होते. तीन महिने असेच गेले. शेवटी आम्ही पाच आया हेडमास्तरांना भेटलो. ड्रायव्हरला बोलावले, गणिताच्या शिक्षिकेला बोलावले. वीस मिनिटांत मार्ग निघाला: आठवड्यातले दोन दिवस बालरथ दुसरी फेरी मारणार, बाकीचे तास सकाळी शाळेआधी. ड्रायव्हर म्हणाला, "मला आधी विचारले असते तर मी तेव्हाच सांगितले असते." हेडमास्तरांनाही बरे वाटले, त्यांच्याही डोक्यावरचे ओझे उतरले. फक्त ते वीस मिनिटांचे बोलणे कुठे आणि कधी करायचे, याला आमच्या शाळेत जागा नव्हती. आम्ही आगाऊपणा केला म्हणून ते झाले.

आता मोठ्या निर्णयाकडे येते. २०२५ साली सहावीपासून वरच्या वर्गांचे शैक्षणिक वर्ष जूनऐवजी एप्रिलमध्ये सुरू झाले. त्या वेळी पालकांनी किती हरकती घेतल्या ते आपल्याला ठाऊक आहे. तो निर्णय चूक की बरोबर, हा या पत्राचा विषय नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या तयारीसाठी वेळ हवा, हे मलाही समजते. पण एप्रिलच्या उकाड्यात वर्गात पंखे किती चालतात, नळाला पाणी किती वाजता जाते, कुणाचे घर त्या दिवसांत काजूच्या बागेत राबत असते, ही माहिती पर्वरीच्या शिक्षण खात्यात असणे शक्य नव्हते. ती पालकांकडे होती. प्रत्येक हायस्कुलात पालकांची खरीखुरी सभा भरत असती तर फेब्रुवारीतच ती कागदावर आपल्या टेबलावर आली असती. तशी जागा नसली की पालक रस्त्यावर येतो.

अशी सभा कशी भरवायची हे गोव्याला शिकवायला नको. आपली ग्रामसभा वर्षातून चार वेळा रविवारी भरते. शिवाय २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबरच्या खास सभा. रविवार का, तर लोकांना कामावरून येता यावे म्हणून. भाषा लोकांची. सरपंचाला उभे करून हिशेब विचारणारी म्हातारी मी लहानपणापासून बघत आले आहे. गटार आणि रस्त्याच्या दिव्यासाठी जी गोष्ट आम्ही इतकी वर्षे करतो, ती पोरांच्या शाळेसाठी करायला काय हरकत आहे?

इंग्लंडमधल्या स्विंडनला माझी मावसबहीण राहते. आपल्या लोकांची केवढी वस्ती आहे तिथे. मुलगा शाळेत घातल्यावर पहिल्याच वर्षी त्याच्या दप्तरातून मतपत्रिका घरी आली, असे तिने सांगितले. तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या शाळांत कारभारी मंडळावर पालकांनी निवडून दिलेले किमान दोन पालक असावेच लागतात. इथे कधी ग्रामसभेलाही न गेलेली ती, तिथे शाळेच्या निवडणुकीत मत देऊन आली.

शिक्षकांची भीती मी समजू शकते, आणि ती खोटी नाही. पालक आत आले की राजकारण येईल, पंचाचा माणूस खुर्ची धरेल, कुणीतरी मुलाच्या गुणांवरून शिक्षिकेवर आवाज चढवेल. हे घडलेलेही मी बघितले आहे, आणि त्या दिवशी त्या बाईंची बाजू घेऊन मीच भांडले होते. म्हणून शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या, परीक्षेचे गुण यांत पालकांनी बोट घालू नये, असे नियमातच लिहा. पक्षाचा पदाधिकारी समितीत नको, असेही लिहा. अल्पसंख्याक संस्थांना घटनेने दिलेले हक्क आहेत, त्यांनाही धक्का लागायला नको. माझे मागणे या सगळ्याला सांभाळून होण्यासारखे आहे.

मागणे एकच आहे. अनुदानित हायस्कूलच्या पालकांना अधिकार देणे जमत नसेल तर सल्ल्याचाच मान ठेवा. पालकांच्या सभेने ठराव करून शाळेला सल्ला दिला तर व्यवस्थापनाने तीस दिवसांत त्याचे लेखी उत्तर द्यावे, होय असो वा नाही, कारणासहित, आणि ते उत्तर फलकावर लागावे. हे बंधन पाचवी ते दहावी सर्व वर्गांना लागू करा, म्हणजे आठवीची भिंत आपोआप पडेल. गोव्याचा स्वतःचा शालेय शिक्षण कायदा १९८४ चा आणि नियम १९८६ चे आहेत. हे त्या नियमांत बसवता येईल, दिल्लीची वाट बघायला नको.

बाकी गोष्टी त्याच्यामागून येतील, पण तीन तर साध्या परिपत्रकाने होतात. सभा रविवारी घ्या. नोटीस आणि इतिवृत्त कोकणीत किंवा मराठीत द्या, इंग्रजी सोबत असू दे. आणि प्रत्येक वर्गातून एक पालक चिठ्ठी टाकून निवडा, यादी वाचून नको. हिशेबाची बाई म्हणून एक जोडते: पालक-शिक्षक संघाच्या वर्गणीचा जमाखर्च सभेत वाचून दाखवा. रक्कम मोठी नसते. आमच्या पतसंस्थेत शंभर रुपये ठेवणाऱ्यालाही वर्षाला ताळेबंद बघायला मिळतो.

माझे वडील सांगायचे, आमच्या भागातले हायस्कूल आधी देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेत, भरायचे. इमारत उभी राहिली तेव्हा चिरे वाहायला गावातले बापई आणि बायका दोन्ही होत्या. कुणी जागा दिली, कुणी माडाचे वासे दिले. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी शाळा नेल्या. ज्यांना स्वतःला शाळा मिळाली नव्हती त्यांनी त्या उचलून धरल्या. त्या लोकांना शाळेच्या दारात "आपण इथे कोण?" असे कधी वाटले नसेल. काजूच्या कारखान्यातल्या त्या बाईला वाटते. यंदा वार्षिक बैठकीला येणार का म्हणून मी तिला विचारले. म्हणाली, "तू जातेस मगे? मग येऊन मला सांग."

मी जाणार आहे, पण आता समितीत नसल्यामुळे मागच्या बाकावर बसेन. बैठकीची तारीख अजून लागलेली नाही. त्याआधी आपल्या खात्याचे परिपत्रक निघाले तर ती रविवारी लागेल, आणि तिला मजुरी न मोडता येता येईल.

आपली विश्वासू,
डिचोली तालुक्यातील एक पालक