हौशी गोल्फ संचातील सदोष लॉब वेज आणि कालबाह्य पुस्तिकेबाबत तक्रार

बेळगाव

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : नवशिक्यांसाठीच्या संचातील वेज, सराव चटई व मार्गदर्शक पुस्तिका यांतील दोष, बदली अथवा परतावा मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील आम्ही सहा हौशी खेळाडूंनी आपल्या संकेतस्थळावरून एकाच बनावटीचे सहा संच मागवले. ‘शॉर्ट गेमसह (होलजवळच्या छोट्या फटक्यांसह) परिपूर्ण’ अशी त्यांची जाहिरात होती. फोनवरून केलेल्या तक्रारीला आपल्याकडून उत्तर आले की ‘नवशिक्यांचा स्विंग चुकतो, क्लबचा दोष नाही’, आणि वर ‘वापरलेला माल परत घेतला जात नाही’. म्हणून मोजमापांसह लेखी तक्रार करीत आहोत.

मुख्य आक्षेप लॉब वेजबद्दल, म्हणजे चेंडू उंच उडवून जवळच टाकण्याच्या क्लबबद्दल, आहे. त्यावर लॉफ्ट, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा (फेसचा) तिरपेपणा, ६० अंश आणि बाउन्स, म्हणजे क्लबच्या तळाचा (सोलचा) पुढची कडा जमिनीवरून उचलून धरणारा कोन, ४ अंश असे कोरले आहे. उद्यमबागेतील मशीन शॉपमध्ये शाफ्ट (दांडा) ओळंब्यात धरून, सोल सपाट टेकवून, फेसच्या मध्यावर कोनमापक लावून सहाही नग तपासले. लॉफ्ट ५६.५ ते ५७.५ अंशांच्या दरम्यान भरला. क्लबच्या ओतीव डोक्यात एखादा अंश इकडेतिकडे झाला तर आम्ही समजू शकतो. फौंड्रीच्या गावात राहतो. पण सहाच्या सहा नग एकाच बाजूला सुमारे तीन अंशांनी चुकत असतील, तर चूक साच्यात किंवा होझलच्या (डोक्यात दांडा बसतो त्या नळीच्या) जोडणीत आहे. खेळणाऱ्याच्या स्विंगने लॉफ्ट बदलत नाही.

यातून दुसरा दोष आपोआप येतो. डोके होझलशी जितके अंश जास्त उभे बसते, तितकाच बाउन्स घटतो. ४ अंशांचा बाउन्स प्रत्यक्षात एक-दीड अंशावर आला आहे. अशा सोलची पुढची कडा खुरप्यासारखी जमिनीत घुसते. जून ते सप्टेंबर आमच्याकडची जमीन भिजून मऊ असते. चेंडूमागे बोटभर आधी क्लब टेकला की चेंडू जागच्या जागी आणि माती पुढे. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) तर विचारूच नका. मऊ वाळूत कडेऐवजी सोल आधी लागून क्लब वर सरकावा लागतो आणि त्यासाठी निदान १० अंश बाउन्स हवा. उन्हाळ्यात मैदान कडक होते, तेव्हा कमी बाउन्स थोडा सोयीचा पडतो हे मान्य. पण नवशिक्याला वर्षभर एकच वेज वापरायचा असेल, तर ८ ते १० अंशांचा मध्यम बाउन्स द्यायला हवा होता.

शिवाय संचाची जुळणीच चुकली आहे. पिचिंग वेज ४४ अंशांचा, त्यानंतर थेट ‘६०’. मधल्या लॉफ्टचे गॅप वेज नाही, सँड वेज नाही. दोन वेजमध्ये ४ ते ६ अंशांचे अंतर ठेवण्याची पद्धत असताना आपण कागदोपत्री १६ अंशांची दरी ठेवली आहे. ज्याचा पिचिंग वेज १०० यार्डांच्या आसपास जातो, त्याचा हा लॉब वेज पूर्ण स्विंगने साठ-पासष्टवर थांबतो. मधल्या पस्तीस यार्डांत नवशिक्याने अर्धा-पाऊण स्विंग मापून मारायचा. आणि नेमके तेच त्याला सर्वांत अवघड जाते. खेळाडूने जास्तीत जास्त १४ क्लब बाळगण्याच्या नियमाच्या मर्यादेत अजून जागा होती. ती एका ५० अंशी आणि एका ५५-५६ अंशी वेजने भरता आली असती. जाहिरातीतल्या छायाचित्रात साठ अंशांचा वेज रुबाबदार दिसतो, एवढेच त्याचे समर्थन असावे.

आता धातूबद्दल. खोक्यावर ‘१७-४ स्टेनलेस स्टील’ छापले आहे. या जातीच्या पोलादाला लोहचुंबक चिकटतो. आपल्या वेजच्या डोक्याला लावलेला चुंबक सरळ खाली पडतो; त्याच संचातील सात नंबरच्या आयर्नला मात्र घट्ट बसतो. म्हणजे वेजचा धातू वेगळा आहे, बहुधा जस्ताचा मिश्रधातू. जांभ्याच्या खड्यांनी पुढच्या कडेला पडलेल्या खाचाही तेच सांगतात. ‘स्थानिक कारागिराकडून लॉफ्ट वाकवून घ्या’ हा आपल्या प्रतिनिधीचा सल्ला त्यामुळे घातक आहे. जस्ताचे ओतीव होझल वाकत नाही, तुटते. खरे १७-४ सुद्धा कडक असते आणि एक-दोन अंशांपलीकडे त्याच्याशी खेळू नये.

सराव चटईचा पातळ पृष्ठभाग कडक रबरावर चिकटवलेला आहे. तिच्यावर क्लब चेंडूमागे दोन इंच आधी टेकला तरी घसरत पुढे जातो आणि फटका बरा लागल्याचा भास होतो. चूक लपवणारी चटई सरावाला कुचकामी असते. पुस्तिकेत तीवरच ‘एकाच जागेवरून शंभर चेंडू’ मारायला सांगितले आहे. त्यापेक्षा गवतावर चेंडूमागे वीतभर अंतरावर घडी घातलेला टॉवेल ठेवला की पुरे : टॉवेलला क्लब लागला म्हणजे फटका जाड पडला (क्लब चेंडूआधी जमिनीला लागला), वेगळे कोणी सांगायला नको.

पुस्तिकेबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल. चिप करताना (होलजवळचा छोटा, बुटका फटका मारताना) ‘वजन मागच्या पायावर ठेवून चेंडू उचला’ असा सल्ला पान उलटताच दिसतो. उचलण्याचे काम लॉफ्टचे आहे. वजन पुढच्या पायावर, हात चेंडूच्या किंचित पुढे, क्लब खाली येताना चेंडू आधी आणि जमीन नंतर, हे प्राथमिक धडे आहेत. ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) कडेवरून प्रत्येक चिप लॉब वेजनेच मारायला सांगणे हेही तसेच. ढोबळमानाने पिचिंग वेजचा चिप एक भाग हवेत आणि दोन भाग जमिनीवर धावतो, सँड वेजचा जवळपास निम्मा-निम्मा. पावसाळ्यातल्या जाड, संथ ग्रीनवर ही धाव आणखी कमी होते. वाट मोकळी असेल तिथे कमी लॉफ्टचा क्लब घेऊन चेंडू धावू द्यावा, असे एक वाक्य तरी छापायला हवे होते.

नियमांचे पान तर वरातीमागून घोडे आहे. हरवलेला चेंडू शोधायला पाच मिनिटे, पटापूर्वी (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवण्याच्या फटक्यापूर्वी) झेंडा काढणे सक्तीचे, ड्रॉप (हातातून चेंडू खाली सोडून पुन्हा खेळात आणणे) खांद्याच्या उंचीवरून, चिप करताना क्लब चेंडूला दोनदा लागला तर एका फटक्याचा दंड. हे चारही नियम १ जानेवारी २०१९ पासून बदलले आहेत. शोधाला तीन मिनिटे, झेंडा होलमध्ये ठेवून पट करता येतो, ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून, आणि चुकून दोनदा लागल्यास दंड नाही. २०२३ ची सुधारित आवृत्तीही येऊन गेली. याचा फटका मागे ताटकळणाऱ्या गटांना बसतो. चौघांच्या गटाने प्रत्येक चेंडूमागे पाच-पाच मिनिटे झुडपे धुंडाळली आणि प्रत्येक पटाला झेंडा काढला-लावला, तर नऊ होलचा खेळही रेंगाळतो. आपली पाळी आल्यावर ४० सेकंदांत फटका मारावा ही नियमांतलीच शिफारस आणि तयार असेल त्याने आधी खेळावे ही सवय, दोन्हींचा पुस्तिकेत मागमूस नाही.

संचातले चेंडू कडक आवरणाचे, लांब जाणारे पण ग्रीनवर न थांबणारे आहेत. नवशिक्याला चालतील, त्याबद्दल तक्रार नाही. बॅगेला पावसाळी टोपी नाही. बेळगावात ती लागते.

आमच्या मागण्या : सहाही लॉब वेज आपल्या खर्चाने परत न्यावेत आणि त्यांच्या बदली प्रत्येकी एक ५० अंशी व एक ५६ अंशी वेज द्यावा, ५६ अंशी वेजचा बाउन्स १० ते १२ अंश असावा व धातू खोक्यावर लिहिला आहे तोच असावा. ते शक्य नसल्यास सहाही संचांची पूर्ण किंमत परत करावी. चटईची रक्कम वेगळी परत मिळावी. संकेतस्थळावरील लॉफ्ट, बाउन्स व धातू यांची माहिती दुरुस्त करावी, आणि नियमांचे पान बदलून आधीच्या ग्राहकांनाही पाठवावे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. २०१९ च्या कायद्यानुसार आम्ही राहतो तिथेच दाद मागता येते, त्यामुळे ‘आमचे कार्यालय दुसऱ्या राज्यात आहे’ हे उत्तर कृपया पाठवू नये.

कळावे.

आपले,
सहा ग्राहक
(नावे व सह्या सोबतच्या पानावर)

सोबत : बिलांच्या प्रती, मशीन शॉपच्या शिक्क्यासह मोजमापांचा तक्ता, चुंबक चाचणीची छायाचित्रे, पुस्तिकेतील संबंधित पानांच्या झेरॉक्स, या पत्राची इंग्रजी प्रत.