यादी लागते तेव्हा वर्ग सुरू झालेले असतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गंगाखेडला माझे महा ई-सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर, कॉलेजच्या शिष्यवृत्तीचे अर्ज हे माझे रोजचे काम. परदेशात शिकायला जाण्यासाठीच्या सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज माझ्या टेबलावर पहिल्यांदा आला तो गेल्या वर्षी. त्या एका अर्जाच्या मागे मी पाच महिने होतो. तेव्हा जे पाहिले ते लिहिल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हे पत्र.

मुलगी माझ्या ओळखीची. वडील मोंढ्यात हमाली करतात, आई रोजाने शेतात जाते. घराण्यातली ती पहिली पदवीधर, तीही कृषी शाखेची. आमच्याकडे विहिरी फेब्रुवारीतच तळ का गाठतात, पडलेले पाणी मुरते कुठे आणि किती, हा तिच्या डोक्यातला विषय. त्याच विषयाच्या एम.एस्सी.साठी तिने ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात अर्ज केला. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेची फी सतरा-अठरा हजार रुपये आहे. ती तिने गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवली. जानेवारीत विद्यापीठाचे सशर्त पत्र आले, मार्चमध्ये परीक्षेत हवे तेवढे गुण मिळाले, एप्रिलमध्ये बिनशर्त प्रवेशाचे पत्र आले. तिच्या बाजूने एकही गोष्ट उशिरा झालेली नाही, हे मला सगळ्यात आधी नोंदवायचे आहे.

महाराष्ट्रात अशा मुलांसाठी योजना आहेत आणि त्या असल्याचा मला अभिमान आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागांची. आदिवासी, इतर मागास, भटके-विमुक्त, अल्पसंख्याक, मराठा समाजातले आणि खुल्या प्रवर्गातले विद्यार्थी, प्रत्येकासाठी कुठल्या ना कुठल्या विभागाची योजना आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती तर १९५४-५५ पासून चालू आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत आणि उरलेल्या भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. या योजनांतून विद्यापीठाची फी, राहण्याचा खर्च, विमानभाडे, विमा असे बहुतेक सगळे मिळते. निवड झाली तर हमालाची मुलगी खरोखर शिकू शकते, एवढी रक्कम त्यात आहे. माझी तक्रार रकमेबद्दल नाही, वेळेबद्दल आहे.

ब्रिटनमधली बहुतेक विद्यापीठे सप्टेंबरमध्ये सुरू होतात. त्यांचे प्रवेश आधीच्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून चालू असतात. आपल्याकडच्या जाहिराती मात्र बहुधा ऐन उन्हाळ्यात निघतात. मग अर्जाची मुदत, मग मुदतवाढ, मग छाननी, मग त्रुटी, मग यादी. यात ऑगस्ट सहज उलटतो. आमच्या वेळीही जाहिरात उन्हाळ्यातच आली.

कागदांचे सांगतो. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून एप्रिलमध्ये नवा काढला. जातीचा दाखला, जातवैधता, अधिवास, दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, विद्यापीठ जागतिक क्रमवारीत कितवे आहे त्याची प्रत, हमीपत्र, जामीनपत्र. जामीनपत्र पाचशेच्या मुद्रांकावर. जामीनदार व्हायला वडिलांनी ज्या आडतीवर वीस वर्षे पोती उचलली त्या आडत्याला विचारले. तो म्हणाला, रक्कम मोठी आहे, मला जमणार नाही. शेवटी जिल्हा परिषद शाळेतल्या तिच्या जुन्या बाईंनी सही केली. सही करताना त्यांनी कागद वाचलासुद्धा नाही. ‘कुठे करायची तेवढं दाखवा,’ म्हणाल्या.

अर्ज मुदतीत गेला. तीन आठवड्यांनी त्रुटी निघाली. विद्यापीठाच्या पत्रात ‘अनकंडिशनल’ हा शब्द नाही, म्हणून प्रवेश बिनशर्त मानता येत नाही. ते पत्र मी स्वतः पाचसहा वेळा वाचले आहे. सर्व अटी पूर्ण झाल्या असून तुम्हाला प्रवेश देण्यात येत आहे, असे त्यात स्वच्छ लिहिलेले होते. पण शब्द नव्हता. मुलीने विद्यापीठाला ईमेल पाठवली की मला तोच शब्द असलेले पत्र द्या. तिकडच्या माणसाला तिचे म्हणणे कळायला दोन दिवस गेले, आणि नवे पत्र यायला एकूण अकरा. त्या अकरा दिवसांत ती रोज संध्याकाळी केंद्रात यायची, ईमेल उघडायची, बंद करायची आणि ‘उद्या येते, दादा’ म्हणून जायची. जाहिरातीत पत्राचा एक नमुना छापला असता तर हे अकरा दिवस गेले नसते.

दरम्यान जून संपत आला होता. प्रवेश पक्का ठेवायचा तर विद्यापीठाला दोन हजार पौंड अनामत भरायची होती. दोन लाखांच्या वर रुपये. ती भरल्याशिवाय व्हिसासाठी लागणारा कॅस क्रमांक मिळत नाही. इथे शिष्यवृत्तीचा सगळा हिशेबच उलटा होतो. सरकार फी देणार आहे, पण निवड झाल्यावर. विद्यापीठ जागा धरून ठेवणार आहे, पण आधी पैसे भरल्यावर. या दोन्हींच्या मधले दोन लाख ज्याच्या घरात आहेत त्याचेच नाव पुढे जाते, आणि ज्याच्यासाठी योजना काढली त्याच्याच घरात ते नसतात. आईने बचत गटातून कर्ज काढले, वडिलांनी त्याच आडतीवरून उचल घेतली, उरलेले तिच्या मामाने दिले. अनामत भरली.

मग व्हिसा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दाखवावा लागतो. नुसता राहण्याचा खर्चच दहा लाखांच्या वर जातो. सगळा खर्च आपले सरकार उचलत असेल आणि तसे अधिकृत पत्र असेल तर हे पैसे दाखवावे लागत नाहीत. म्हणजे निवडीचे एक पत्र वेळेवर हातात पडले की गरीब मुलासाठी सगळ्यात अवघड दार आपोआप उघडते. क्षयरोगाची तपासणी, बोटांचे ठसे, व्हिसाचा निर्णय येणे, यासाठी साधारण महिना धरावा लागतो. याचा अर्थ ते पत्र फार तर ऑगस्टच्या सुरुवातीला यायला हवे.

यादी लागली सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. तिचे नाव होते. दुपारची वेळ होती, केंद्रात पीक विम्याची गर्दी होती, आणि मी सगळ्यांसमोर मोठ्याने तिचे नाव वाचले. टाळ्या वाजल्या. ती स्क्रीनकडे बघत उभी राहिली आणि मग हळू आवाजात म्हणाली, ‘दादा, हजर व्हायची शेवटची तारीख शुक्रवारी झाली.’ त्या दिवशी सोमवार होता.

मी हे एका मुलीचे सांगतो आहे, पण पैशाचा आणि तारखेचा मेळ न बसणे ही तिच्या एकटीची गोष्ट नाही. २०२५च्या जुलैमध्ये केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी १०६ जणांची निवड झाली आणि त्यांपैकी आधी फक्त ४० जणांना तात्पुरती पत्रे मिळाली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यावर, असे सांगण्यात आले. जुलैमध्ये हे वाक्य ऐकणाऱ्या मुलाने अनामत भरावी की सोडून द्यावी?

बाबासाहेबांना १९१३ साली सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले, हे मात्र कमी वेळा सांगितले जाते. पुन्हा जायला १९२० उजाडले. प्राध्यापकीतली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज, असे करून पैसे उभे राहिले. पैसा योग्य वेळी नसला की बाबासाहेबांसारख्या माणसाचीही तीन वर्षे जातात. आज योजनेला ज्यांचे नाव आहे त्या शाहू महाराजांनी तेव्हा ती अडचण ओळखून मदत केली होती.

आता मागणी. इतर देशांची सरकारे हेच काम कसे करतात ते बघावे. ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीचे अर्ज वर्षभर आधी, ऑगस्टमध्ये उघडतात आणि शरद ऋतूतच बंद होतात. निकाल पुढच्या जूनमध्ये लागतो, वर्ग सप्टेंबरमध्ये. अमेरिकेत शिकायला जाण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीचे अर्ज तर सव्वा वर्ष आधी भरतात. आपल्या विभागांनीही जाहिरात दिवाळीच्या आसपास काढावी आणि यादी मेअखेर लावावी. त्यासाठी सशर्त प्रवेशपत्रावर तात्पुरती निवड करण्याची तयारी हवी. बिनशर्त पत्र आले की निवड पक्की. जागतिक क्रमवारी दरवर्षी जूनमध्ये नवी येते, तेव्हा मुलाने ज्या दिवशी विद्यापीठाकडे अर्ज केला त्या दिवशीची क्रमवारी धरावी. विद्यापीठ घसरले तर तो मुलाचा दोष कसा?

आणि अनामतीचे काही तरी करा. तात्पुरती निवड झालेल्या मुलाची अनामत विभागाने थेट विद्यापीठाला भरावी आणि पुढे फीतून वळती करून घ्यावी. सरकारला यात एक रुपयाही जास्त पडत नाही. फक्त तो दोन-तीन महिने आधी द्यावा लागतो. माझ्या मते सगळ्या मागण्यांत ही एक मान्य झाली तरी मराठवाड्यातली, विदर्भातली कितीतरी मुले अर्ज करण्याची हिंमत करतील. आज ती जाहिरात वाचतात आणि अनामतीचा आकडा ऐकून पान उलटतात.

विद्यापीठाने तिचा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला आहे. अनामतही तिकडे जमा आहे. शिष्यवृत्तीची निवड मात्र पुढे ढकलता येत नाही, नव्याने अर्ज करा, असे कार्यालयाने सांगितले. ज्या समितीने तिला एकदा लायक ठरवले तिच्यापुढेच ती पुन्हा उभी राहणार, तेच कागद घेऊन. दरम्यान वडील आडतीवरची उचल आठवड्याच्या मजुरीतून फेडत आहेत.

परवा १ एप्रिलला मी केंद्र उघडायला गेलो, तर ती आधीच पायरीवर बसलेली होती. हातात तलाठ्याचा अहवाल, आधार कार्ड आणि वडिलांचा फोटो. नव्या वर्षाचा उत्पन्नाचा दाखला काढायचा होता.

(मुलीची ओळख उघड होऊ नये म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.)

आपला नम्र,
एक महा ई-सेवा केंद्र चालक
गंगाखेड, जि. परभणी