जाड झालेलं हृदय फक्त खेळाडूंचं नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पानावरचा हृदयाच्या जाड स्नायूंवरचा लेख वाचला आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळून राहिलं, म्हणून आज लिहायला बसले. मैदानात खेळता खेळता कोसळणाऱ्या तरुण पोरांबद्दल लिहिलं ते बरं केलं, जन्मजात जाड हृदय साधारण ५०० माणसांत एकाला असतं, घरात एकाला निघालं तर बाकीच्यांनी तपासून घ्यावं हेही बरोबर. पण शुगर, बीपी आणि सुटलेलं पोट यांच्यामुळे जे हृदय जाड होतं त्याला तुमच्या लेखकाने अख्ख्या लेखात एक ओळ द्यावी? एकच? अहो, नागपुरात असे पेशंट घरोघरी आहेत. २०२३ साली आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात १० कोटींवर डायबेटिसवाले निघाले, ते तुमच्याच पेपरात छापून आलं होतं ना.

आमच्या यांना शुगरही आहे आणि बीपीही. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या दवाखान्यात टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, रिपोर्टमध्ये साफ लिहिलं होतं, कॉन्सेंट्रिक एलव्हीएच (हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत सगळीकडून जाड), भिंतीची जाडी १३ मिमी, ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन (हृदय सैल पडून भरण्यात पहिल्या पायरीचा बिघाड). पुरुषांत १० मिमीपर्यंत नॉर्मल धरतात. हार्टच्या डॉक्टरांनी फाइल पाहिली आणि म्हणाले पंपिंग ६० टक्के आहे, एकदम छान, बाकी वयानं होतं. तीच फाइल शुगरच्या डॉक्टरांपुढे ठेवली तर ते एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) पाहून म्हणाले हार्टचं हार्टवाल्यांनाच विचारा. झालं, फाइल कपाटात गेली.

मग जिना चढताना धाप लागायला लागली, पाय सुजायला लागले, रात्री एका उशीवर झोप येईना. ज्याला विचारावं तो म्हणे वजन वाढलं, ऊन किती आहे पाहा, मे महिन्यात नागपुरात कोणाला दम लागत नाही. शेवटी एका रात्री फुप्फुसात पाणी भरलं आणि आयसीयूत न्यावं लागलं. तिथे एक तरुण डॉक्टर होता, त्याने जुनी फाइल उघडली आणि त्या ओळीवर पेन ठेवून म्हणाला, "काकू, हे तर तेव्हाच लिहिलेलं आहे, कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

नाही सांगितलं. त्या पोराने मात्र उभ्या उभ्या सगळं समजावलं. माठाची भिंत आतून जाड होत गेली तर बाहेरून माठ तेवढाच दिसतो पण पाणी कमी मावतं, तसं हृदय होतं. ते दाबलं जातं नीट, म्हणून पंपिंगचा आकडा चांगला येतो, पण सैल पडून भरत नाही आणि मागे फुप्फुसात पाणी साचतं. बीपीमुळे तर स्नायू जाड होतातच, पण शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्शुलिन वाढतं, किडनी मीठ धरून ठेवते, हृदयाच्या पेशींनाही वाढायचा इशारा मिळत राहतो, वरून त्यांच्यात चरबी साठते आणि साखरेने स्नायू कडक होतो. आणि ही गोष्ट काही आजची नाही, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात १९७४ सालीच दिसलं होतं की डायबेटिस असलेल्या पुरुषांत हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचं काम कमी पडणं, दुपटीहून जास्त आणि बायकांत पाचपट. बायकांत पाचपट, संपादक साहेब! आणि तुमच्या लेखात एका बाईचा साधा उल्लेख नाही. आम्हाला धाप लागली की घरचे म्हणतात कामाचा थकवा आहे.

यावर उपाय नाही असंही नाही, म्हणूनच जास्त राग येतो. बीपी आटोक्यात आणलं, वजन उतरवलं तर जाडी काही प्रमाणात कमी होते. एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरचीच गोळी, २०२१ च्या मोठ्या चाचणीत पंपिंग चांगलं असलेल्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटनाही तिचा फायदा दिसला, शुगर नसलेल्यांनाही. मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे पेटंट संपल्यावर ती बरीच स्वस्तही झाली. कोणाला चालेल ते डॉक्टरच ठरवतील, पण विचारायचं असतं हे तरी लोकांना माहीत पाहिजे ना? नुसता ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी जाऊ नका, ईसीजीत ही जाडी बरेचदा सुटून जाते, हेही तुम्हीच छापायला हवं.

अजून एक, त्याच लेखाच्या खाली "शुगर मुळापासून घालवा, गोळ्या बंद करा" अशी चूर्णाची पाव पान जाहिरात होती. वर डॉक्टरांचा लेख आणि खाली हे? आमच्या शेजारच्या काकांनी असलंच काही वाचून गोळ्या सोडल्या होत्या, त्यांच्या घरच्यांना विचारा काय झालं ते. जाहिरातीचे पैसे तुम्हाला लागतात ते समजतं, पण आरोग्य पानावर तरी ही छापू नका. आणि पुढच्या आठवड्यात त्याच पानावर इकोच्या रिपोर्टमधला एकेक शब्द मराठीत समजावून सांगणारा लेख द्या, जागा कमी पडली तर ती चूर्णाची काढा.

आपली एक जुनी वाचक,
प्रतापनगर, नागपूर