मंत्रिमहोदय, आम्हाला खोली द्या, शपथ नको: युवक कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय युवक कल्याण मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

आम्ही काही पालक, काही शिक्षक आणि पंधरा ते वीस वयाची मुलं-मुली मिळून एक युवा मंडळ काढतो आहोत. खेळाचं नाही, स्पर्धा परीक्षांचंही नाही. दिलेला शब्द पाळणं, दुसऱ्याचा पैसा हातात आला तरी हात स्वच्छ ठेवणं, मित्र चुकत असेल तर त्याला तसं तोंडावर सांगणं, या गोष्टी तरुण वयातच अंगवळणी पडाव्यात म्हणून हा खटाटोप. असं काही काढायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "उद्घाटनाला मंत्र्यांना बोलवा, निधीचंही बघता येईल." आम्ही निमंत्रण पाठवत नाही, त्याऐवजी हे पत्र पाठवतो आहोत. तेही जाहीरपणे, कारण आमची मागणी फक्त आमच्यापुरती मान्य होण्यात काही अर्थ नाही.

आधी तक्रार सांगून टाकतो. तरुणांवर मूल्यं रुजवायची म्हटलं की सरकारी यंत्रणा एकच कार्यक्रम हाती घेते. सभागृह, व्यासपीठ, पाहुणे, सामूहिक शपथ, प्रमाणपत्र, फोटो आणि शेवटी उपस्थितीच्या आकड्यासह अहवाल. मागच्या रांगेतली मुलं मोबाइलमध्ये असतात, पुढच्या रांगेतल्यांना तेही करता येत नाही म्हणून ती पाहुण्यांचं घड्याळाकडे कधी लक्ष जाईल याची वाट बघतात. प्रामाणिकपणावरच्या व्याख्यानाला मित्राची सही हजेरीपटावर ठोकून देणारी मुलं असतात. त्यांना रागवावं तर तो फुगलेला आकडा अहवाल लिहिणाऱ्यालाही हवाच असतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे पोरांना आपल्या आधी कळतं.

ही नुसती कुरकुर नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या अभ्यासकांनी सुमारे ११ हजार शाळकरी मुलांची एक वेगळीच परीक्षा घेतली. मुलांनी सोडवलेल्या पेपरांची गुपचूप नोंद करून ठेवायची आणि मग तेच पेपर उत्तरं देऊन मुलांनाच तपासायला द्यायचे. कुणी किती खाडाखोड केली ते आपोआप कळायचं. खेळात, घरच्या अभ्यासात, पैशांच्या बाबतीतही असेच सापळे लावले होते. १९२८ ते १९३० या काळात तीन खंडांत निष्कर्ष आले आणि चारित्र्याचे वर्ग चालवणाऱ्यांची पंचाईत झाली. प्रामाणिक मुलं एकीकडे आणि लबाड दुसरीकडे अशी वाटणीच होईना. पेपरात सचोटीने वागलेलं मूल दुसऱ्याच ठिकाणी फसवताना सापडे. काय बरोबर आणि काय चूक हे मुलाला किती 'येतं' याचा त्याच्या वागण्याशी मेळ फारच थोडा होता. चांगुलपणाचे धडे देणाऱ्या संघटनांत जाणारी मुलंही इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरली नाहीत. पुढच्या संशोधकांनी हे निष्कर्ष थोडे सौम्य केले, माणसाच्या स्वभावात सातत्याचा एक धागा असतोच असं दाखवलं. पण मूल ज्या वर्गात, ज्या टोळक्यात वावरतं, तिथली रीत त्याच्या वागण्यावर बराच परिणाम करते, हे त्या मूळ अभ्यासातही दिसलं होतं.

म्हणूनच आम्हाला मंडळ हवं आहे, वर्ग नको. पण मंडळही कसं चालतं यावर सगळं अवलंबून आहे.

१९३८-३९ च्या सुमारास अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे छोटे क्लब चालवून पाहिले. मुलं मुखवटे वगैरे बनवायची. काही क्लबांचा प्रमुख हुकूम सोडणारा, काहींचा मुलांना विचारून ठरवणारा, तर काहींचा नुसताच हजर असणारा. हुकूमशाही क्लबांत काम भरपूर व्हायचं. पण प्रमुख खोलीबाहेर गेला की ते ढेपाळायचं. शिवाय मुलं एकतर मुकाट बसायची किंवा एकमेकांवर राग काढायची. विचारविनिमयाने चालणाऱ्या क्लबात प्रमुख बाहेर गेला तरी हात चालू राहायचे. नैतिकतेच्या बाबतीत तर खोलीबाहेर गेल्यावर काय होतं एवढाच प्रश्न असतो. बघणारं कुणी असताना नीट वागण्याची सोय करायला पोलीस खातं आहे.

एक स्पष्टच बोलतो. आम्ही मोठी माणसं 'मूल्यं' म्हणतो तेव्हा अर्ध्या वेळा आम्हाला आज्ञाधारकपणा हवा असतो. उलटून न बोलणारा मुलगा आम्हाला संस्कारी वाटतो. पण चार जण चुकीच्या गोष्टीला हो म्हणत असताना "मी यात नाही" असं म्हणायला जी हिंमत लागते, ती उलटून बोलायची सवयच नसलेल्या मुलाकडे कुठून येणार?

आमच्या मंडळाचं स्वरूप यातूनच ठरलं आहे. व्याख्यानं नाहीत, सुविचारांचा फळा नाही. मंडळाचा पैसा, खोलीच्या किल्ल्या आणि लहान मुलांना संध्याकाळी अभ्यासात मदत करण्याचं काम, या तीन खऱ्या जबाबदाऱ्या तरुणांकडे असतील. खऱ्या म्हणजे चुकल्यावर कुणाचं तरी नुकसान होईल अशा. अभ्यासाला आलेलं दुसरीतलं पोर कुलूपबंद दाराशी दप्तर घेऊन उभं राहिलं, तर शब्द न पाळणं म्हणजे काय हे किल्लीवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

पैशाचं उदाहरण घ्या. समजा, खजिनदार सतरा वर्षांची मुलगी आहे. महिनाअखेरीला ती वही उघडते. जमा बरोबर, पावत्या बरोबर, पेटीत मात्र रक्कम कमी. पेटीची दुसरी किल्ली तिच्या जिवलग मैत्रिणीकडे. तिने गुपचूप आपल्या पैशांतून भर घालावी, एखादी पावती वाढवून आकडा जुळवावा, की सगळ्यांसमोर वही ठेवून "जुळत नाहीये" म्हणावं? पहिला मार्ग सगळ्यात फसवा, कारण तो मोठ्या मनाचा दिसतो. त्या बैठकीला आमच्यापैकी जो कुणी मोठा माणूस हजर असेल, त्याने काय करायचं यावर आमची बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं: त्याने गप्प बसायचं. कुणावर आळ घेतला जाऊ लागला तर तेवढ्यापुरतं मध्ये पडायचं. मुलं एकमेकांकडे संशयाने बघतील, कुणी "जाऊ दे ना, एवढ्याशा रकमेसाठी" म्हणेल, कुणी तावातावाने चौकशी मागेल. कदाचित उघड होईल की सामान आणायला गेलेल्याने पैसे नेले आणि नोंद करायची राहिली. कदाचित काहीच उघड होणार नाही आणि तो सल तसाच राहील. तरी पुढच्या महिन्यापासून दोन सह्यांशिवाय पेटी उघडायची नाही, असा नियम करायचा की नाही हे मुलंच ठरवतील. ती तासाभराची अस्वस्थता आम्हाला दहा व्याख्यानांहून मोलाची वाटते. आणि हो, या पद्धतीत काही रक्कम खरोखरच बुडेल. ती आम्ही धरून चाललो आहोत.

यात नवीन काही नाही. १८४४ साली लंडनमध्ये वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) सुरू करणारा जॉर्ज विल्यम्स बावीस वर्षांचा होता, कापडाच्या दुकानात नोकरीला. आपल्यासारख्याच कामगार पोरांना घेऊन त्याने संघटना काढली. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचं शिबिर घेतलं, त्यात श्रीमंत घरची मुलंही होती आणि कष्टकऱ्यांची मुलंही. त्यांच्या छोट्या तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीची जबाबदारी एका मुलाकडेच दिली. पुढे जगभर पसरलेल्या स्काउट चळवळीच्या गणवेशाची नक्कल सगळ्यांनी केली. एका मुलाच्या हाती पाच-सात मुलं खरोखर सोपवायची ही गोष्ट मात्र फार थोड्यांना जमली.

आता आपल्या खात्याकडे येतो. मंडळात काय शिकवावं, कोणती मूल्यं घ्यावीत, कोणती शपथ म्हणावी, हे ठरवण्याचा मोह सरकारने टाळावा. नाझी जर्मनीतल्या हिटलर युथ या युवक संघटनेचं उदाहरण दिलं की अतिशयोक्ती वाटते, कबूल. तुलना करायचा हेतूही नाही. पण ते उदाहरण नीट पाहावं असं आहे. शिस्त, त्याग, निष्ठा, सौहार्द, कणखर शरीर, ही त्या संघटनेने मुलांपुढे ठेवलेली मूल्यं. यादी वाचली तर कुठल्याही शाळेच्या भिंतीवर शोभेल. बिघाड यादीत शोधून सापडणार नाही. डिसेंबर १९३६ च्या कायद्याने देशातली सगळी तरुण मुलं एकाच संघटनेत घालायचं ठरलं, मार्च १९३९ मध्ये ते सक्तीचं झालं, आणि "मला हे पटत नाही" म्हणणाऱ्याला जायला दुसरी जागाच उरली नाही. म्हणून हजार वेगवेगळी मंडळं असू द्यावीत, धार्मिक, निधर्मी, खेळांची, वाचनाची. आमच्यातून रुसून बाहेर पडलेल्या पोरांनी शेजारी दुसरं मंडळ काढलं तर त्यालाही खोली मिळावी.

दुसरी विनंती यशाच्या मोजमापाबद्दल आहे. १९३९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शहरांत ५०६ मुलग्यांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. निम्म्यांना काही वर्षं समुपदेशक, अभ्यासात मदत, औषधपाणी, उन्हाळी शिबिरं असं सगळं मिळालं. निम्म्यांना काहीच नाही. कुणाला मदत द्यायची हे नाणं उडवून ठरवलेलं. जोन मकॉर्ड यांनी तीस वर्षांनी त्यांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्या माणसांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांनी आपल्याला फायदा झाल्याचं सांगितलं. नोंदी वेगळंच सांगत होत्या: गुन्ह्यांचं प्रमाण घटलेलं नाही, आणि दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, लवकर मृत्यू अशा काही बाबतींत मदत मिळालेला गटच मागे. पुढच्या विश्लेषणात बोट शिबिरांकडे गेलं. एकाहून अधिक वेळा शिबिराला गेलेल्यांची अवस्था विशेष वाईट होती. बिघडण्याच्या वाटेवरची पोरं एकत्र कोंडली की ती एकमेकांना आपले पराक्रम सांगतात आणि ऐकणारे दाद देतात.

तेव्हा "वाया गेलेल्या मुलांना सुधारण्यासाठी" अशा नावाची योजना कृपया काढू नये. आणि फक्त गुणी मुलं निवडून त्यांना बिल्ले वाटू नयेत. त्यातून निघणारा तोरा दुसऱ्या प्रकारचा बिघाड आहे. आम्ही येईल त्याला घेणार. अभिप्रायाचे अर्ज भरून घेऊन "९५ टक्के सहभागी समाधानी" असा निष्कर्षही नको. समाधानी लोकांचं काय झालं ते वर आलंच आहे. मोजायचंच असेल तर वर्षभराने येऊन आमच्या हिशेबाच्या वह्या बघा, अभ्यासाचा तास किती वेळा सांगितलेल्या वेळेला सुरू झाला ते लहान मुलांच्या आयांना विचारा. अनेक मंडळांची नीट तुलना करायची असेल तर ते काम तटस्थ अभ्यासकांकडे द्या, आणि आकडे आमच्या विरोधात गेले तरी प्रसिद्ध करा.

तिसरी गोष्ट मात्र सरकारने कडकपणे करायलाच हवी, आम्ही नको म्हटलं तरी. मुलांच्या सुरक्षिततेची. 'सज्जनांची संस्था' हा शिक्का गैरकृत्य करणाऱ्याला फार सोयीचा असतो, कारण तिथे कुणी संशय घेत नाही आणि तक्रार आली तर संस्थेचं नाव जपण्याकडे कल असतो. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या शतक ओलांडलेल्या संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. लैंगिक अत्याचाराचे ८२ हजारांहून अधिक दावे तिच्यावर दाखल झाले. चांगलं वागण्याची शपथ तिथेही म्हटली जात होती. म्हणून मंडळात काम करणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची, माझ्यासकट, पूर्वतपासणी व्हावी. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद खोलीत असता कामा नये, दोन मोठी माणसं हवीतच, हा नियम प्रत्येक मंडळाला लागू करावा. तक्रार मंडळाबाहेरच्या यंत्रणेकडे थेट करता यावी. एवढं पाळता येत नसेल तर त्या मंडळाची खोली काढून घ्यावी, ते कितीही नावाजलेलं असो.

खोलीचं एवढ्यासाठी सांगतो की मागणी खरं तर तेवढीच आहे. शाळा, वाचनालयं, सरकारी सभागृहं संध्याकाळी कुलूपबंद असतात. त्यांतली एखादी खोली, वीज, स्वच्छतागृह आणि आठवड्यातल्या ठरलेल्या वेळा, कुठल्याही नोंदणीकृत मंडळाला मिळाव्यात, तपासणी आणि सुरक्षेच्या नियमांशिवाय दुसरी अट नको. अनुदान नको. अनुदान आलं की मागोमाग मुख्य चौकात फलक लागतो आणि मुलांच्या वहीत पहिली खोटी पावती येते, हे आपल्या खात्यातल्या अनुभवी मंडळींना आम्ही सांगायची गरज नाही.

आपल्याला भेट द्यावीशी वाटली तर जरूर यावं. छायाचित्रकार बाहेर थांबतील, मागच्या बाकावर बसावं लागेल आणि विषयपत्रिकेवर आपलं नाव नसेल. शेवटची काही मिनिटं मुलं पाहुण्यांना प्रश्न विचारतात. प्रश्न आधी कळवले जात नाहीत.

आपला,
युवा मंडळातला एक पालक