स्पिटफायरसाठी जिप्सीचं इंजिन जमवून देणाऱ्या भाऊंना

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश गाडीत मारुती जिप्सीचं 1298 सीसी, 16 व्हॉल्व्हचं इंजिन बसवायचं म्हटल्यावर तुम्ही बजावलंत, "इंजिन शेवटी उचला, आधी बाकीचं जमवा." त्या सल्ल्याचे आभार चारचौघांत मानावेत म्हणून हे उघड पत्र. नागपुरात असं काम काढणाऱ्या दुसऱ्या कोणालाही ते कामी येईल.

एस्टीमचं इंजिन स्वस्त मिळत होतं. घराणं तेच, पण ते गाडीत आडवं बसतं. ऑइल चेंबर, आतला पिकअप, पाण्याचे पाइप, इनटेक, सगळं त्या हिशोबाचं. हे एकेक बदलण्यात वाचलेले पैसे निघून जातात. म्हणून तुम्ही इंजिन, गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच आणि सेल्फ एकाच जिप्सीचे दिलेत. बेल हाउसिंगचे, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचे, बोल्ट ज्याच्या त्याच्या भोकात हाताने फिरवून ठेवले होते. इनपुट शाफ्टचं टोक ज्यात बसतं ते पायलट बेअरिंगही जागेवर होतं. ते राहून गेलं की शाफ्ट डगमगतो, क्लच आवाज करतो आणि शाफ्टवरच्या खाचा (स्प्लाइन) झिजतात.

सर्वांत मोलाचा निघाला तो आखूड शाफ्ट. जिप्सीचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा, गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, दोघांमध्ये हा शाफ्ट असतो. म्हणून तर ट्रान्सफर केस काढून गिअरबॉक्स सरळ मागच्या डिफरन्शिअलला जोडता येतो. भंगारात हा शाफ्ट लोखंडाच्या भावाने जातो; तुम्ही तो जपून ठेवला. त्याच्या गिअरबॉक्सकडच्या टोकावरूनच नवा प्रोपेलर शाफ्ट बनतो. लांबी मात्र इंजिन फाउंडेशनवर (त्याला धरून ठेवणाऱ्या आधारांवर) पक्कं बसल्यावरच मोजायची, आणि वेल्डिंगनंतर बॅलन्सिंग टाळायचं नाही. ट्रान्सफर केस हाय रेंजमध्येही गती सुमारे 1.4 पट उतरवतो. तो निघाला की गिअर लांब होतात, पण स्पिटफायर मार्क 3 च्या 4.11 गुणोत्तराच्या डिफरन्शिअलवर आणि एवढ्या हलक्या गाडीत ते चालून जातं. स्पीडोमीटरची केबलही ट्रान्सफर केसमधूनच निघते, तेव्हा शाफ्टवर सेन्सर लावणं आलंच.

वायरिंगमध्ये तर तुमचा हात कोणी धरू शकत नाही! एकही वायर कापलेली नाही, प्रत्येक सॉकेटला पांढरी टेप आणि तिच्यावर पेनाने नाव. इमोबिलायझर (चोरीपासून बचाव करणारं कुलूप) असलेल्या गाडीत चावी, चावीभोवतीची कॉइल आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) एकाच गाडीचे लागतात, नाहीतर इंजिन सुरूच होत नाही. हे घेतानाच पाहावं. सुरुवातीच्या स्पिटफायर पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. तशा गाडीत आधी अर्थ बदला, मगच ईसीयूला बॅटरी दाखवा.

पेट्रोलच्या बाबतीत तुमचं ऐकलं नसतं तर धोका होता. कार्बोरेटरच्या पंपाचा दाब जेमतेम पाव बार, इंजेक्शनला अडीच-तीन बार लागतो. जुनी रबरी नळी त्या दाबाला फुटते, तीही गरम मॅनिफोल्डजवळ. इंजेक्शनचीच नळी, टाकीपर्यंत परतीची लाइन, आणि टाकी आतून साफ केलेली हवी, कारण गंजाचा चुरा पंपाची जाळी बुजवतो. रेडिएटरही मूळचा नको. आपल्याकडच्या मे महिन्याच्या 45 अंशांत सिग्नलला उभं राहायचं आहे.

कागदांबद्दल तुम्ही जेवढे कडक, तेवढं इतरांनीही असावं. इंजिन नंबर दिसणारा फोटो, विक्रीची पावती, गाडी लिलावातली असेल तर लिलावाचं पत्र. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार इंजिन बदलाला आरटीओची परवानगी लागते. शिवाय 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवायची, तर ती मूळ रूपातच हवी. त्यामुळे गाडी पुन्हा मूळ रूपात आणता यावी म्हणून फाउंडेशन बोल्टवर बसवा, चासी कापू नका, जुनं इंजिन तेल भरून झाकून ठेवा, हा तुमचा आग्रह आम्ही तंतोतंत पाळतो आहोत.

भाऊ, तुम्ही घाईने माल खपवला नाहीत, मनापासून धन्यवाद. त्याच जिप्सीचं थर्मोस्टॅट हाउसिंग अजून तुमच्याकडे असेल तर बाजूला काढून ठेवा; शनिवारी न्यायला येतो.

तुमचे,
जुन्या गाड्यांच्या नादी लागलेले नागपूरकर